फिरत्या दवाखान्यातून ओपिऑइड व्यसनावर उपचार : या चुका टाळा

अमेरिकेत ओपिऑइडच्या, म्हणजे अफूसारख्या पदार्थांच्या, व्यसनावर मेथाडोन हे औषध देणाऱ्या नव्या व्हॅनना 2007 पासून परवानगी मिळत नव्हती. जून 2021 मध्ये जाहीर झालेल्या नियमाने ती वाट पुन्हा मोकळी केली आणि डिसेंबर 2022 च्या कायद्याने ब्युप्रेनॉर्फिन हे याच व्यसनावरचे दुसरे औषध लिहून देण्यासाठी लागणारी वेगळी मंजुरीही रद्द केली. तेव्हापासून व्हॅन रस्त्यावर आणणे सोपे झाले; अडते ते बहुधा पहिल्या डोसापाशी.

रुग्ण अकराला येतो, त्याने सकाळीच फेंटानिल हे तीव्र ओपिऑइड घेतलेले असते, आणि व्हॅन दोनला निघणार म्हणून घाईने ब्युप्रेनॉर्फिनची गोळी दिली जाते. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतील ग्राहींवरून (ओपिऑइड जिथे चिकटतात त्या जागांवरून) फेंटानिलला हुसकावून लावते, पण स्वतः अंशतःच काम करते. त्यामुळे रुग्णाला एकाएकी तीव्र विथड्रॉवल (नशा तुटल्याचा त्रास) होतो आणि तो पुन्हा त्या व्हॅनकडे फिरकत नाही. फेंटानिल चरबीत साठून राहत असल्याने, शेवटच्या नशेनंतर बारा तास थांबण्याचा हेरॉइनच्या काळातला हिशेब रोज घेणाऱ्याला अनेकदा पुरत नाही. घड्याळापेक्षा जांभया, वाहते नाक, अंगावरचा काटा आणि डोळ्यांच्या विस्फारलेल्या बाहुल्या पाहून विथड्रॉवलच्या लक्षणांचे गुण मोजावेत. ते पुरेसे नसतील तर लेखी सूचना आणि उचलला जाईल असा फोन नंबर देऊन पहिला डोस घरी घेण्याची सोय करावी. त्रास उद्भवलाच तर औषध बंद करण्याची धडपड करू नये, कारण अशा वेळी बहुधा ब्युप्रेनॉर्फिनच वाढवावे लागते.

गोळी गिळली तर तिचा फारसा उपयोग होत नाही. तोंड कोरडे असेल तर आधी घोटभर पाणी द्यावे, गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत बोलू देऊ नये, नंतर चूळ भरायला लावावी आणि तासभर दात घासू नयेत असे सांगावे. दातांच्या हानीचा इशारा 2022 पासून दिला जातो.

मार्ग आखताना होणारी चूक वेगळी आहे. मेथाडोनची व्हॅन नोंदणीकृत केंद्राच्याच राज्यात चालवावी लागते आणि दिवसाअखेरीस केंद्रात परतून औषध कुलुपात ठेवावे लागते, म्हणून नकाशावर जवळ भासणारे गाव परतीच्या वेळेत बसत नाही. ब्युप्रेनॉर्फिनची चिठ्ठी देण्यापूर्वी औषधाच्या दुकानात फोन करावा. साठा नसल्याचे रुग्णाला काउंटरवर कळू नये.

थांबा आणि वेळ बदलू नयेत, आणि ओळखपत्र नाही म्हणून कोणाला परत पाठवू नये. ओपिऑइडच्या अतिमात्रेवर उतारा असलेल्या नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा उपचार नाकारणाऱ्या सोबत्यालाही द्यावा, कारण बेशुद्ध पडलेल्याला तो स्वतःवर वापरता येत नाही.