शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत शिकायला गेलेला आपला माणूस कसा शोधायचा

काही घरांत एक गोष्ट ऐकायला मिळते, की अमुक आजोबा पहिल्या महायुद्धाच्या आधी बोटीने अमेरिकेला शिकायला गेले होते, पण कुठलं कॉलेज, काय शिकले, राहिले कुठे हे विचारलं की सगळे गप्प. माझ्या आजीच्या काकांचं असंच होतं. मला ते सापडले, म्हणून ज्या क्रमाने शोधलं तो क्रम सांगते.

सगळे पहिल्यांदा इयरबुक उघडतात, मीही तेच केलं आणि दोन महिने वाया घालवले. त्या काळचं इयरबुक म्हणजे मुख्यतः बी.ए. करणाऱ्या पोरांचं, त्यांच्या फ्रॅटर्निटींचं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मंडळांचं, आणि फुटबॉल टीमचं पुस्तक, आणि आपले बरेच लोक गेले ते एम.ए., पीएच.डी. करायला, त्यांचे फोटो त्यात सहसा नसतातच. डॉ. आंबेडकर 1913 मध्ये कोलंबियाला गेले आणि 1915 मध्ये एम.ए. झाले, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी, बी.ए.च्या वर्गाच्या फोटोंत त्यांना शोधून काय मिळणार?

तर आधी युनिव्हर्सिटीचं वार्षिक कॅटलॉग किंवा रजिस्टर काढा. हाथीट्रस्ट आणि इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन लायब्ररींवर 1920 च्या आधीची ढीगभर फुकट वाचता येतात. त्यात बऱ्याचदा मागच्या बाजूला विद्यार्थ्यांची यादी असते, नाव, कोर्स आणि गाव. आता महत्त्वाचं म्हणजे नावाने सर्च करू नका, गावाने करा! पूना, बॉम्बे, बडोदा, नाहीतर नुसतं इंडिया, आणि सगळं त्या वेळच्या इंग्रजी स्पेलिंगने. आडनावाची स्पेलिंगं कशीही असतात, शेवटी आय ऐवजी डबल ई, स्कॅनमध्ये एचचा बी झालेला, लांब आडनाव ओळीच्या शेवटी तुटलेलं. आमचे काका असेच सापडले, आडनावातलं एक अक्षर गायब, पण पुढे स्वच्छ छापलंय, पूना, इंडिया. मी ती ओळ आजीला फोनवर तीनदा वाचून दाखवली.

कॉलेजचं नाव आज वेगळं असू शकतं हे विसरू नका. क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे ज्या ओरेगन अ‍ॅग्रिकल्चरल कॉलेजात शिकले ते आता ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटी आहे. शेतीचं शिकायला गेलेल्यांच्या बाबतीत हे हमखास होतं.

वर्ष कळलं की मग विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र. कॉर्नेल डेली सन 1880 पासून निघतंय आणि कोलंबिया स्पेक्टेटर 1877 पासून, दोन्हींचे जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत. इथे नावापेक्षा कॉस्मोपॉलिटन क्लब शोधा, कारण परदेशी मुलं जमायची ती तिथे, कॉर्नेलला हा क्लब 1904 मध्ये निघाला आणि सगळ्या राष्ट्रांच्या वर माणुसकी हे त्याचं ब्रीद होतं. तिथल्या भाषणांच्या, देशवार संध्याकाळींच्या छोट्या बातम्या नीट वाचा. ज्ञानकोशकार केतकर 1906 मध्ये अमेरिकेला गेले, कॉर्नेलला शिकले आणि तिथेच 1911 मध्ये पीएच.डी. झाले, जातिव्यवस्थेवरच्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या पहिल्या खंडावर 1909 साल आणि इथाका, म्हणजे कॉर्नेलचं गाव, छापलंय. म्हणून प्रबंधांच्या याद्याही बघा, माणूस फोटोत नसला तरी पुस्तकाच्या पहिल्या पानावर असतो.

इयरबुक आता उघडा, क्लबच्या ग्रुप फोटोसाठी. दोन गोष्टींनी गोंधळ होतो. नावापुढे वर अपॉस्ट्रॉफी देऊन 13 लिहिलं असेल तर ते पदवीचं साल, प्रवेशाचं नाही. आणि अनेक कॉलेजांत हे पुस्तक तिसऱ्या वर्षाची मुलं काढायची नि त्यावर स्वतःच्या पदवीचं साल टाकायची, म्हणजे 1912 मध्ये निघालेल्या पुस्तकावर 1913, त्यामुळे पुढचा मागचा अंकही चाळा. ग्राइंड्स नावाचं सदर दिसलं तर ते थट्टेचं असतं, खरी माहिती म्हणून उतरवून घेऊ नका.

एवढं हातात आलं की युनिव्हर्सिटी आर्काइव्हला, म्हणजे जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या विभागाला, ईमेल करा, छापलेलं स्पेलिंग, साल, पान नंबर देऊन, आणि विद्यार्थ्याची फाइल किंवा कार्ड आहे का असं सरळ विचारा. मला एका कार्डाची स्कॅन आली, त्यावर काकांनी स्वतःच्या हाताने वडिलांचं नाव आणि शनिवार पेठेतला पत्ता लिहिला होता.