रोध आणि वॉट काढताना या चुका टाळा

व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे शक्ती. सूत्रं दोनच, आणि तीही शाळकरी गुणाकार-भागाकाराची. तरी उत्तर चुकतं, कारण बहुतेक वेळा व्होल्टेज एका घटकाचं घेतलेलं असतं आणि करंट दुसऱ्याचा.

सप्लायचं व्होल्टेज सरसकट सगळीकडे वापरणं

5 व्होल्टच्या सप्लायवर लाल एलईडी लावायचा आहे. त्याच्यावर साधारण 2 व्होल्ट पडतात आणि करंट 20 मिलिअँपिअर ठेवायचा आहे. एकसर जोडायचा रोधक किती ओहमचा? घाईत 5 ÷ 0.02 केलं की 250 ओहम येतात. पण रोधकाच्या वाट्याला 3 व्होल्टच येतात, म्हणून बरोबर उत्तर 3 ÷ 0.02 = 150 ओहम. 250 चा लावला तर एलईडी जरा मंद पेटेल, एवढंच. इथे चूक खपून जाते, म्हणूनच ती सवय होऊन बसते.

वॉट काढताना ताळा करून पाहा. एलईडीत 2 × 0.02 = 0.04 वॉट, रोधकात 3 × 0.02 = 0.06 वॉट, आणि सप्लाय देतो 5 × 0.02 = 0.10 वॉट. बेरीज जुळली. जुळली नसती तर कुठेतरी चुकीचं व्होल्टेज घुसलंय हे लगेच कळलं असतं.

याच एलईडीचा रोध 2 ÷ 0.02 = 100 ओहम धरून पुढची गणितं करू नका. तो आकडा त्या एका बिंदूपुरताच खरा. 4 व्होल्ट दिले म्हणून 40 मिलिअँपिअर वाहणार नाहीत. करंट त्याच्या कितीतरी पुढे जाईल आणि एलईडी जळेल. व्होल्टेजच्या प्रमाणात करंट वाढणं हा ओहमचा नियम, आणि एलईडीसारखे डायोडच्या जातीचे घटक तो पाळत नाहीत.

थंड बल्बचा रोध

230 व्होल्ट, 100 वॉटचा तारेचा बल्ब घ्या. करंट 100 ÷ 230, म्हणजे सुमारे 0.43 अँपिअर, आणि रोध 529 ओहम. आता बल्ब काढून मल्टीमीटर लावा, 40 ओहमच्या आसपास दिसेल. मीटर बिघडलेला नाही आणि सूत्रही चुकलेलं नाही. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध दहा-पंधरा पट होतो. थंड रोधावरून वॉट काढलेत तर हजारावर आकडा येईल. बटण दाबताक्षणी तेवढी शक्ती खरंच खेचली जाते, पण ती क्षणभरच. हीटरच्या नायक्रोम तारेत मात्र हा फरक थोडाच असतो.

मिलिअँपिअर

9 व्होल्ट, 30 मिलिअँपिअर. 9 ÷ 30 = 0.3, आणि पुढे ओहम लिहून मोकळं होणं ही नेहमीची चूक. उत्तर 300 ओहम आहे. व्होल्टला मिलिअँपिअरने भागलं की उत्तर किलोओहममध्ये येतं, गुणलं की मिलिवॉटमध्ये, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मी चूक टळते.

रोध वाढला तर शक्ती वाढते की घटते?

एका सूत्रात करंटचा वर्ग गुणिले रोध, दुसऱ्यात व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. दोन्ही बरोबर, पण आधी स्थिर काय ते ठरवा. समांतर जोडणीत व्होल्टेज सारखं, म्हणून कमी रोधाचा घटक जास्त वॉट घेतो. एकसर जोडणीत करंट सारखा, तिथे उलटं. म्हणूनच 60 आणि 100 वॉटचे तारेचे बल्ब एकसर जोडले तर 60 वॉटचा जास्त उजळतो. पटत नसेल तर दोघांचे रोध काढून पाहा.

वर्ग विसरणं ही याचीच धाकटी बहीण. 230 व्होल्टवर 2000 वॉटचा हीटर 115 व्होल्टवर 1000 नाही, 500 वॉट देतो, कारण व्होल्टेजबरोबर करंटही निम्मा होतो.

ओहम काढले, वॉट राहून गेले

100 ओहमचा रोधक 12 व्होल्टवर लावला तर 144 ÷ 100 = 1.44 वॉट उष्णता होते. पाव वॉटचा छोटा रोधक त्यात करपतो. हिशोबाच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्या, म्हणजे इथे 3 वॉट किंवा त्याहून मोठा.

मीटर विचित्र आकडा दाखवत असेल तर

सप्लाय चालू ठेवून ओहम मोजू नका. सर्किटमध्येच मोजलं तर शेजारचे समांतर मार्गही मोजले जातात, तेव्हा घटकाचं एक टोक सोडवून घ्या. एखाद-दोन ओहम मोजताना आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा. आणि करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब अँपिअरच्या खाचेतून काढून व्होल्टच्या खाचेत घाला. तो तसाच राहिला आणि व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटरमधून सरळ शॉर्ट होतो. फ्यूज उडाला तर नशीब समजा.

एसीवर 230 व्होल्टला 5 अँपिअर घेणारी मोटर असेल तर 230 × 5 = 1150 हे वॉट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर आहेत. पॉवर फॅक्टर, म्हणजे खरे वॉट भागिले व्होल्ट-अँपिअर, 0.8 असेल तर खरे वॉट 920. तसंच 230 ÷ 5 = 46 ओहम हा वेटोळ्याच्या तारेचा रोध नव्हे. तो सप्लाय तोडून मीटरने मोजलात तर बराच कमी भरेल, आणि तेवढ्यावरून मोटर जळाली असं ठरवू नका.