मूर्तींच्या व्यर्थतेवर बायबल अभ्यास घेताना

घरच्या प्रार्थनासभेत हा विषय घ्यायचा असेल तर दहा आज्ञांपासून सुरुवात करू नका. निर्गम 20 उघडलं की चर्चा 'चालतं की चालत नाही' यावर अडकते आणि मूर्ती व्यर्थ का, हा मुद्दा राहूनच जातो. त्याऐवजी यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 44:9-20 घ्या. बारा वचनं आहेत, सव्वा तासाला पुरून उरतात.

उतारा दोनदा मोठ्याने वाचून घ्या. दुसऱ्या वेळी कागदावर दोन रकाने आखा: लाकडाचं काय काय जळणात गेलं, आणि उरलेल्याचं काय झालं. सुतार दोरी धरून आखणी करतो, लाकूड तासतो, त्यातल्याच अर्ध्यावर भाकरी आणि मांस भाजतो, ऊब घेतो. मग उरलेल्यासमोर 'मला वाचव' म्हणत पालथा पडतो. वचन 12 मधला लोहार घण मारता मारता भुकेने गळून जातो. इथे घाई नको. जुन्या नाशकात तांब्या-पितळेच्या भांड्यांवरचे ठोके ऐकत वाढलेल्यांना घडवणाऱ्याचा थकवा वेगळा समजावावा लागत नाही.

मग कुणीतरी म्हणतंच, 'शेजारी काही दगडाला पुजत नाहीत, प्राणप्रतिष्ठा झालेल्या देवाला पुजतात.' हरकत रास्त आहे, उडवून लावू नका. बाबेलमध्येही (प्राचीन बॅबिलोन) मूर्तीत देव यावा म्हणून तिचं तोंड धुण्याचा विधी होता. त्यात कारागिरांचे हात लाकडी तलवारीने तोडल्यासारखं करत, आणि 'ही मी घडवली नाही' अशी शपथ ते घेत. जो हात विधीने पुसून टाकला, तोच यशया पुन्हा पुन्हा पुढे आणतो. यानंतर लगेच 46:1-7 वाचा. बाबेलचे देव बेल आणि नबो जनावरांच्या पाठीवर ओझं होऊन निघालेत. इस्राएलचा देव मात्र केस पिकेपर्यंत आपल्या लोकांना वाहतो. कोण कुणाला वाहतं, एवढं जरी मनात बसलं तरी पुष्कळ.

सगळ्यात जास्त बिघडतं ते सुरात. यशयाची ही मूर्तींची थट्टा यरुशलेमचं मंदिर जळालेल्या, देशोधडीला लागलेल्या इस्राएली लोकांच्या कानी पडते, आणि तिचा रोख त्यांना पाडाव करून नेणाऱ्या साम्राज्याच्या देवांवर आहे. पंचवटीत भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्यावर ती फेकली की नुसता अपमान उरतो. प्रेषितांची कृत्ये 19:37 दाखवा: पौलाच्या सोबत्यांनी देवीची निंदा केली नाही, हे इफिसच्या नगराधिकाऱ्यानेच म्हटलंय.

नाशिकरोडच्या कॅथलिक देवस्थानातल्या बाळ येशूच्या मूर्तीचा प्रश्नही हमखास येतो. कॅथलिक शिकवण प्रतिमेचा आदर आणि देवाची आराधना वेगळी मानते. बरेच प्रोटेस्टंट तो फरक मान्य करत नाहीत. दोन्ही बाजू सांगा आणि 2 राजे 18:4 वाचा: देवाच्याच आज्ञेने घडवलेला पितळी साप, त्याला धूप जाळू लागले म्हणून हिज्कीयाने फोडला.

शेवटची पंधरा मिनिटं कलस्सै 3:5 साठी राखा. लोभालाही तिथे मूर्तिपूजाच म्हटलंय. प्लॉट, पॅकेज, मुलाचे मार्क, ज्याचं त्याने कागदावर लिहावं. वाचून दाखवायची सक्ती नको.

नवा विश्वासी एकत्र कुटुंबातला असेल तर घरचं देवघर हलवायला त्याला कधीही सांगू नका. ते त्याच्या एकट्याचं नाही. त्याने पूजेला बसणं थांबवायचं ठरवलं, तर आधी आई-वडिलांशी स्वतः, शांतपणे बोलावं. सणाच्या दिवशी नव्हे.