कॉलेज लॅक्रॉसच्या प्लेऑफमध्ये कोण जाणार, हे आपलं आपण कसं ओळखायचं

मे २०२२ मध्ये नोटर डेम या अमेरिकन कॉलेजची लॅक्रॉस टीम घरी बसली. सीझनची सुरुवात २-४ अशी झाली होती, त्यानंतर सलग सहा मॅच जिंकून ८-४ वर संपवलं, शेवटी शेवटी तर त्यांच्यासमोर उभं राहायला कोणी तयार नसेल असं खेळत होते, आणि तरी प्लेऑफच्या यादीत नाव नाही. त्याच यादीत आयव्ही लीग या कॉलेजांच्या एकाच गटाच्या मात्र सहा टीम. मला तेव्हा खूप लागलं होतं, अजूनही लागतं, पण त्या दिवसापासून मी कागद-पेन घेऊन हे गणित शिकलो, आणि गणित समजल्यावर निर्णय पटला नाही तरी तो कुठून आला ते दिसायला लागलं. तेच इथे सांगतोय.

लॅक्रॉस अजिबात माहीत नसेल तर थोडक्यात: जाळी लावलेल्या काठीने बॉल झेलायचा, पास करायचा आणि गोलमध्ये मारायचा, मैदानावर प्रत्येकी दहा खेळाडू, पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर. मूळ खेळ उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचा, होडेनोशोनी लोक आजही त्याला निर्मात्याने दिलेला खेळ मानतात. आपल्याकडे याचं नाव कानावर पडलं ते ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबईत ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन झालं आणि २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी क्रिकेटला हिरवा कंदील मिळाला तेव्हा, कारण त्याच ठरावात लॅक्रॉसही होतं. पण अमेरिकेत या खेळाचा खरा जीव कॉलेजात आहे, आणि इथे मी पुरुषांच्या डिव्हिजन वनबद्दलच, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या स्तराबद्दलच बोलतोय.

आता कामाला लागू.

सगळ्यात आधी पोल बाजूला ठेवा. दर आठवड्याला टॉप २० च्या याद्या येतात, एक इनसाइड लॅक्रॉसची, एक कोचेसची. लोक त्यावरून भांडतात, मीही भांडतो, मजा येते. पण निवड करणारी एनसीएएची, म्हणजे अमेरिकेतले कॉलेज खेळ चालवणाऱ्या संस्थेची, कमिटी या याद्या मोजतच नाही. १९७१ च्या आधी चॅम्पियन मैदानावर नाही तर खोलीत बसून ठरवला जायचा, १९७१ पासून टूर्नामेंट सुरू झाली आणि पहिल्याच फायनलमध्ये कॉर्नेलने मेरीलँडला १२-६ ने हरवलं. तेव्हापासून पोल म्हणजे गप्पांचा विषय एवढंच समजायचं. तुमची टीम पोलमध्ये सहावी आहे म्हणून निर्धास्त राहिलात तर रविवारी रात्री प्लेऑफची यादी आल्यावर धक्का बसू शकतो.

मग जागा मोजा. कॉलेजं गट करून खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात, आयव्ही लीग त्यातलीच एक. काही जागा कॉन्फरन्स चॅम्पियनना थेट मिळतात, त्यांना ऑटोमॅटिक क्वालिफायर म्हणतात. कॉन्फरन्सची टूर्नामेंट जिंकली की आत, मग आधीचा रेकॉर्ड कसाही असो. उरलेल्या जागा कमिटी देते, त्या ॲट-लार्ज. २०२२ मध्ये एकूण १८ टीम होत्या, त्यातल्या दहा थेट आणि आठ ॲट-लार्ज. थेट जागांचा आकडा वर्षाप्रमाणे थोडा हलतो, म्हणून सीझनच्या सुरुवातीलाच त्या वर्षीचा आकडा बघून वहीत वर लिहून ठेवा.

नोटर डेमची पहिली अडचण इथेच होती. त्यांची कॉन्फरन्स एसीसी, म्हणजे व्हर्जिनिया, ड्यूक, सिरॅक्यूज, नॉर्थ कॅरोलायना असे सगळे दादा लोक, पण लॅक्रॉस खेळणाऱ्या टीम पाचच, आणि त्या वर्षी एसीसीला थेट जागा नव्हतीच. म्हणजे पाचही जणांना त्या आठ खुर्च्यांसाठीच झगडायचं होतं. पाचातून आत गेली ती एकटी व्हर्जिनिया.

आता आरपीआय. इथे घाई करू नका, सगळा जीव इथेच आहे. आरपीआय म्हणजे टीमची ताकद मोजणारा एक आकडा, तीन तुकड्यांचा. तुमच्या जिंकण्याच्या टक्केवारीला २५ टक्के वजन, तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या टक्केवारीला ५० टक्के, आणि ते ज्यांच्याशी खेळले त्यांच्या टक्केवारीला परत २५ टक्के. म्हणजे तुम्ही स्वतः किती जिंकलात याला फक्त पाव वजन, उरलेला पाऊण हिशेब दुसऱ्यांच्या हातात!

कागदावर करून बघा. समजा टीम अ बारापैकी नऊ जिंकली, म्हणजे ०.७५०. तिच्या प्रतिस्पर्ध्यांची सरासरी ०.६००, आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची ०.५५०. पहिल्याचा पाव भाग ०.१८७५, दुसऱ्याचा अर्धा ०.३००, तिसऱ्याचा पाव ०.१३७५, बेरीज ०.६२५. आता टीम ब बघा, बारापैकी अकरा जिंकली, पण लिंबूटिंबूंशी खेळून, प्रतिस्पर्धी ०.४२० आणि त्यांचे प्रतिस्पर्धी ०.४८०. बेरीज जेमतेम ०.५५९. अकरा जिंकणारी खाली, नऊ जिंकणारी वर.

अजून एक करून बघा, मला तर हे समजलं तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टीम अ अजून एक मॅच हरली, म्हणजे आठ विजय, तर आरपीआय साधारण ०.०२१ ने घसरतो. पण टीम अ काहीच चुकली नाही आणि तिचे प्रतिस्पर्धीच हरत सुटले, त्यांची सरासरी ०.६०० वरून ०.५५० वर आली, तर फटका ०.०२५ चा, म्हणजे स्वतः हरण्यापेक्षा मोठा. म्हणून एप्रिलमध्ये तुमची टीम फेब्रुवारीत ज्यांच्याशी खेळली ते कसे चाललेत हे बघत राहायचं. त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवायच्या, अगदी मनापासून.

आणि हो, आयपीएलच्या नेट रन रेटची सवय असेल तर ती इथे सोडून द्या. १०-९ ने जिंका नाहीतर १८-४ ने, आरपीआयला दोन्ही सारखेच.

आरपीआयची यादी मिळाली की तिच्यावर रेघा मारा. यादी सीझनमध्ये एनसीएएच जाहीर करते. एक ते पाच, सहा ते दहा, अकरा ते पंधरा, सोळा ते वीस, आणि एकवीसच्या खाली, असे कप्पे करा आणि प्रत्येक टीम कोणत्या कप्प्यात किती जिंकली किती हरली ते लिहा. कमिटी चर्चा करते ती या कागदावर. वरच्या दहामधल्या कोणाला तरी हरवलंय का, आणि एकवीसच्या खालच्याकडून मार खाल्लाय का, हे दोन प्रश्न बहुतेक भांडणं मिटवतात. त्याच्या जोडीला कोणाचं वेळापत्रक किती कठीण होतं तेही बघितलं जातं.

नोटर डेमचा कागद इथे उघडा पडतो. हरले ते चांगल्यांकडूनच, मेरीलँड, जॉर्जटाऊन, व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, त्यात लाज वाटावी असं काही नाही. पण मोठ्या मॅच होत्या त्याच हातातून गेल्या, आणि नंतरचे सहा विजय ज्यांच्यावर मिळाले त्यांचं तेव्हाचं वजन कमी पडलं, कारण एसीसीच्या टीमांचं ते वर्ष एकंदरीतच ढिलं होतं. उलट आयव्हीच्या टीमांनी बाहेरच्यांना हरवून ठेवलं होतं, मग आपसात खेळताना कोणीही हरलं तरी मोठ्या नावाकडूनच हरलं असं दिसायचं. प्रतिस्पर्ध्यांच्या त्या ५० टक्क्यांचा खेळ हाच.

दोन टीम अगदी चिकटून असतील तर आमने-सामने बघा. ओहायो स्टेटने नोटर डेमला हरवलेलं होतं आणि ओहायो स्टेट ॲट-लार्जमधून आत गेली. आमने-सामने मॅच नसेल तर दोघांनी कोणत्या समान टीमशी खेळून काय केलं ते बघायचं. शेवटच्या महिन्यात कोण फॉर्मात आहे याला मात्र वेगळे गुण नाहीत, फेब्रुवारीतला पराभव आणि एप्रिलमधला विजय एकाच तराजूत जातात. माझं स्पष्ट मत आहे की हे चुकतंय. टीमच्या निम्म्या पोरांना पहिल्यांदा मोठी जबाबदारी मिळालेली असते, ती दहा आठवड्यांत वेगळीच टीम होऊन जाते, आणि ते बघायला माणसं बसवली आहेत तर त्यांना तेवढी मोकळीक हवी.

शेवटचा वीकेंड वेगळा धरा. कॉन्फरन्स फायनल असतात तेव्हा तुमची टीम खेळत नसली तरी सगळ्या बघा. एखाद्या कॉन्फरन्समध्ये जी टीम हरली तरी ॲट-लार्जमधून नक्की जाणार होती तीच फायनल हरली, तर थेट जागा दुसऱ्याच टीमकडे जाते, हरलेली टीम ॲट-लार्जमधून आत येते आणि तिथली एक खुर्ची कमी होते. काठावर बसलेल्यांसाठी ही मॅच स्वतःच्या मॅचपेक्षा भयंकर. अशा मॅचभोवती वहीत आधीच वर्तुळ काढून ठेवायचं.

रविवारी रात्री यादी आली की सीड, म्हणजे कमिटीने दिलेलं मानांकन, बघा. वरच्या आठांना सीड मिळतं आणि पहिला राउंड त्यांच्या घरच्या मैदानावर होतो, बाकीच्यांना कुठे पाठवायचं ते ठरवताना प्रवासाचं अंतरही धरलं जातं, म्हणून पंधरावी आणि सोळावी टीम कुठे गेली यावरून फार अर्थ काढू नका. सीड म्हणजे विजय नाही हेही लक्षात ठेवा, २०२२ मध्येच डेलावेअर आधीची प्ले-इन मॅच जिंकून आली आणि दुसऱ्या सीडच्या जॉर्जटाऊनला १०-९ ने घरी पाठवलं.

त्या वर्षी मेरीलँड १८-० करून चॅम्पियन झाली, फायनलमध्ये कॉर्नेलला ९-७ ने हरवून. नोटर डेमने पुढच्या वर्षी ड्यूकला १३-९ ने हरवून पहिलं टायटल घेतलं आणि २०२४ मध्ये मेरीलँडला १५-५ ने चिरडून दुसरं. २०२५ मध्ये परत कॉर्नेल आणि मेरीलँड समोरासमोर, कॉर्नेल १३-१०, म्हणजे १९७१ चीच जोडी. पुढचा सीझन फेब्रुवारीत सुरू होतो, वहीचं पहिलं पान तेव्हाच उघडा, एप्रिलमध्ये बसलात तर मागचे सगळे निकाल शोधत बसावं लागतं.