स्नोबोर्डचे बूट: माप बडोद्यात घ्या, घालून गुलमर्गला पाहा

बडोद्यात बर्फ नसला तरी निम्मं काम घरीच उरकतं. संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना, टाच भिंतीला टेकवून उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर घ्या. २६.५ सेंटीमीटर भरलं तर मोंडोपॉइंट माप, म्हणजे पायाची मिलिमीटरमधली लांबी, २६५. रोजच्या चपलेचा नंबर इथे कामाचा नाही.

गुलमर्गला भाड्याचे बूट घेताना पायमोजा एकच, पातळ, लोकरीचा. दोन चढवले की चुण्या पडतात, रक्त अडतं, पाय उलट गार पडतो. लेस ओढण्याआधी टाच मागे ठोकून बसवा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर सुटावीत. मग चवड्यांवर उभे राहा: आत टाच उचलली गेली तर बूट मोठा आहे. अशा बुटात माणूस बोटांनी तळ धरून ठेवतो, वर बाइंडिंगचे (बूट बोर्डाला जखडणाऱ्या पकडीचे) पट्टे करकचून आवळतो, आणि तळव्यात गोळे येतात. दुखणं बुटाचं, शिव्या बोर्डाला!

तरीही तळव्याची कमान दुखली तर बुटात आधाराचा इनसोल (आतला सुटा तळ) घाला. नवशिक्यांना मऊ बूट बरा. बूट बोर्डाच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरहून जास्त आला तर वळताना बर्फात घासतो. तसं असेल तर रुंद बोर्ड मागा.