परोपजीवी गांधीलमाश्या फोटोवरून ओळखायला शिकताना

गच्चीतल्या कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराचा कोष सापडला, तो फांदीसकट बरणीत ठेवला. फुलपाखरू आलंच नाही. एका सकाळी कोषाला टाचणीने पाडावं तसं भोक, आणि बरणीत पंचवीस-तीस चकचकीत हिरव्या ‘माश्या’. खरं तर त्या परोपजीवी गांधीलमाश्या, ज्यांची पिल्लं दुसऱ्या किड्याला आतून खाऊन वाढतात. मी भराभर फोटो काढले, रंगाशी रंग जुळवला आणि नाव लावून टाकलं. ते साफ चुकलं होतं. हिरवी चकाकी इतक्या कुळांत असते की रंगावरून काही ठरत नाही.

फोटो दाखवल्यावर एका जाणकार बाईंनी नाव सांगायच्या आधी विचारलं, “कशातून निघाल्या?” अंडं, अळी की कोष, कुठल्या किडीचा, कुठल्या झाडावर, हे कळलं की निम्म्याहून जास्त शक्यता तिथेच गळतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने फोटोआधी ही नोंद करावी.

मग शरीराकडे वळायचं. शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) कोपरासारख्या मुडपलेल्या आणि पंखात शिरांचं जाळं नसून पुढच्या कडेने जेमतेम एक शीर, तर बहुधा कॅल्सिड, म्हणजे बारीक परोपजीवी गांधीलमाश्यांचा मोठा गट. त्यात मागची मांडी टम्म फुगलेली आणि खालून दातेरी असेल तर कॅल्सिडिडी हे कूळ. पावलाचे भाग मोजता आले तर फारच उत्तम: टेरोमॅलिडीत ते सहसा पाच, युलोफिडीत चार, ट्रायकोग्रामॅटिडीत तीन. माझ्या हिरव्या माश्यांचं कूळ शेवटी याच मोजणीने सुटलं. पाच निघाले.

लांब, सडपातळ, भरपूर शिरांच्या पंखांची माशी असेल तर पुढचा पंख नीट बघा. पंखाच्या मध्यापलीकडे मागच्या कडेकडे उतरणाऱ्या आडव्या शिरा दोन असतील तर इक्न्युमोनिडी, एकच असेल तर बहुतेक वेळा ब्रॅकोनिडी. म्हणून एक फोटो पाठीवरून, एक बाजूने आणि एक फक्त पंखाचा हवाच. खाली आलेखाचा कागद ठेवला की मापही मिळतं. माशी पळत असेल तर बाटलीसकट पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, सुस्तावते.

आणि थांबायचं कुठे, तेही शिकावं लागतं. उसातल्या खोडकिड्यासाठी पानामागे ट्रायकोकार्ड (या माशीने ग्रासलेली अंडी चिकटवलेला कागद) लावतात ना, त्यातली ट्रायकोग्रामा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. तिची प्रजाती नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवतात. फोटोवरून प्रजातीचं नाव लिहिणं म्हणजे अंदाज ठोकणं. तिथे ‘ट्रायकोग्रामा’ एवढंच लिहावं. मला तरी ते जास्त मोलाचं वाटतं. कारण चुकीचं नाव महागात पडतं. पपईवरच्या पिठ्या ढेकणाला आवरण्यासाठी 2010 मध्ये असेरोफॅगस पपये ही माशी भारतात आणली, तेव्हा प्रजाती नेमकी ओळखणं गरजेचं होतं. नाव चुकलं असतं तर वेगळ्याच माशीची पैदास करत बसलो असतो.

मेलेल्या माश्या टाकू नका. अल्कोहोलच्या कुपीत ठेवा. तारीख, गाव आणि यजमान कीटक (ज्यातून माशी निघाली तो) पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी आतच सोडा, शाई विरघळते. रिकामा कोषही वेगळ्या डबीत जपून ठेवा, भोकाचा आकार आणि जागा पुढे कुणीतरी विचारतंच.