ढाल आधी उलटी करा

वडील खोगिरं शिवायचे, त्यामुळे कातडं माझ्या हाताला कळतं. खंडेनवमी जवळ आली की ओळखीतले लोक घरची जुनी ढाल दाखवायला आणतात आणि म्हणतात, "अण्णा, गेंड्याची आहे बरं का!"

मी आधी ढाल उलटी ठेवतो. समोरची चार धातूची फुलं नुसती शोभेची नसतात. मागच्या कड्यांचे पाय कातड्यातून आरपार येऊन त्या फुलांवर ठोकून बसवलेले असतात. कड्यांत हाताचे पट्टे, मधे बोटांसाठी गादी. एकसारख्या आट्यांचे स्क्रू-नट दिसले, तर दुरुस्ती झालीय किंवा ढालच नवी आहे.

मग काठाला रोगण उडालेली जागा शोधायची आणि भिंग लावायचं. केसांच्या मुळांची भोकं दिसली तर बहुधा म्हैस, सांबर किंवा नीलगाय. टॉर्च मागे धरल्यावर मधासारखा उजेड झिरपला की लोक हरखतात. पण म्हशीचं न कमावलेलं कातडं तासून तेल मुरवलं की तेही तसंच उजळतं. त्यामुळे नुसत्या उजेडावर गेंडा ठरवू नका. कापलेल्या कडेला गेंड्याच्या कातड्यात असतं तसं तंतूंचं दाट, एकमेकांत गुंतलेलं जाळं दिसतंय का, तेही पाहा.

गाव ठरवणं अवघड. काळ्या तुकतुकीत रोगणासाठी सिल्हेट (आता बांगलादेशात) प्रसिद्ध होतं, पारदर्शक कातड्यासाठी कच्छ आणि अहमदाबाद, सोनेरी शिकारचित्रांसाठी राजस्थान. पण फुलं नंतर बदललेली असू शकतात, म्हणून कातडं आणि धातू यांचा वेगवेगळा विचार करा.

गेल्या वर्षी माणदेशातून एक ढाल आली, जेमतेम दीड फुटाची. एका लोखंडी फुलावरचं सोनं झिजलं होतं आणि खाली कानशीसारख्या बारीक आडव्या-उभ्या रेघा दिसत होत्या. ही कोफ्तगिरी. सोन्याची तार अशा खरवडलेल्या लोखंडावर ठोकून बसवतात, रंगाखाली या रेघा नसतात. कातडं मात्र म्हशीचं निघालं. घरचा मुलगा हिरमुसला. त्याला म्हटलं, अरे, म्हशीच्या ढालीही रणात गेल्यात, हिला कमी लेखू नकोस.

गेंड्याची शंका आली तर विक्रीचं बोलणं थांबवा आणि वनखात्याला विचारा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गेंड्याला संरक्षण आहे. शंभर वर्षांवरची कोणतीही ढाल खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही.

फुलांच्या खाचांत साठलेलं कुंकू ओल्या फडक्याने काढू नका, पाण्याने कच्चं कातडं फुगतं आणि वाकतं. मऊ कोरडा ब्रश फिरवा. यंदा पूजेला ढाल पाटावर ठेवा, हळद-कुंकू पाटाला लावा.